सत्यवतीबाईचं नाक अन् माही जीभ

राजापेठेत माह्या शेजारचा एक बुढा परवा मले म्हणे, "जानराव, तुमच्या हॉटेलात ते दारू वाटणारी बाई आहे ना, तिचा लय बोलबाला आहे म्हणते." मी हातातली भाजीची थैली तिथंच रस्त्यावर ठेवली. म्हणलं, काका, सत्यवतीबाई तायडे नाव आहे तिचं. जिनं उभ्या जन्मात स्वतःहून एक थेंब तोंडात घेतला नाई तिले तुमी दारूवाली म्हणता, तं मंग आपल्या दोघाईले काय म्हणाव? बुढा आपल्या वाटेनं निघून गेला. मले राग आला का मी असाच बोलतो, बायकोही सांगते. पण खरं सांगू का, त्या वेळचा राग बुढ्यावर नव्हता. "स्वतःहून" हा शब्द माह्या तोंडून आपोआप निघाला होता, अन् तोच मले घरापर्यंत टोचत राहिला.

मी बडनेरा रोडवरच्या एका हॉटेलात भट्टी सांभाळतो. बावीस वर्षं झाली. हॉटेलाचं नाव सांगत नाई. आमच्या मालकाले, अनुपशेठले, वाचायची सवय नाई, पण त्याच्या बायकोले आहे.

सत्यवतीबाई आमच्याकडे आली ते गिलास धुवाले. त्याच्या आधी वरूडले संत्र्याच्या शेडमध्ये आठ हंगाम माल निवडत होती. तिथं व्यापारी तिले बाकीच्या बायांपासून वेगळं बसवत. बाहेरून पिवळंधमक दिसणारं संत्रं ती दोन्ही तळहातात धरून ठेवायची, बोलत-बिलत नाई, नुसतं धरून, अन् मंग नाकाले लावायची. म्हणायची, थंड संत्रं काईच सांगत नाई, हाताची गरमी लागली का आतलं बाहेर येते. तिनं बाजूले काढलेलं संत्रं कापलं तं आत डाग निघणारच. तिचा नवरा शेषराव अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले, सुटीले रेल्वेनं येतो. पोरगी पिंकी आता बारावीले, तिच्या क्लासपायी राजापेठेमागं खोली केली अन् वरूड सोडलं. एवढी नाकाची बाई आमच्या मोरीत उभी राहून साबणानं हात फाडून घेत होती, अन् आमच्यातल्या एकालेही पत्ता नव्हता. मलेही नव्हता.

तिचं माहेर मूर्तिजापूरकडचं. तिथं गावातलं दारूचं दुकान बंद कराले बायांनी मतदान घेतलं होतं. मताच्या कागदावर दोन बाटल्या राह्यतात, एक उभी, एक आडवी. आडवीवर शिक्का मारला का दुकान बंद करा. त्यात ही पुढं होती, घरोघरी फिरली, अन् आडवी बाटली निवडून आणली. पंचशील तं तिच्या घरात लहानपणापासून. पाचवं शील म्हणजे दारू, नशा वर्ज्य. लोकं तिले खोदून खोदून विचारत, काहून घेत नाई, घरात कोणी पिऊन मेलं का? मले या विचारण्याची अशी चीड येते. एकादशी धरणाऱ्याले कोणी विचारते का, का रे, तुह्या घरात कोणी खाऊन मेलं का म्हणून?

अनुपशेठ दोन वर्षांमागं बायकोसंगं इटलीले फिरून आला, अन् आमचा वरचा हॉल बदलला. पिवळे दिवे, टेबलावर पांढरी कापडं, भिंतीले लाकडाचा घोडा अन् त्यात बाटल्या आडव्या झोपवलेल्या. सत्यवतीबाईनं ते पाह्यलं अन् मले म्हणे, "भाऊ, इथं तं सगळ्या आडव्याच आहेत. माहं काम झालेलं दिसते." मी हसून हसून बेजार.

त्यातली एक पांढरी वाईन होती, वेर्दीक्यो. पांढरी म्हणायची, पण उजेडात धरली तं जराशी हिरवट, म्हणून आमी तिले हिरवी म्हणायचो. पुण्याहून शेखर नावाचा एक माणूस तीन दिवस शिकवाले आला. तो सांगे, इटलीत समुद्राकाठी मार्के म्हणून मुलूख आहे, तिथली ही वाईन, तिथं मासळीसंगं पितात. वेटरले गिलास दिले, वास घ्या म्हणे, लिहा. सगळ्यायनं लिहिलं "चांगला". शेठच्या साळ्याचा पोरगा श्याम, हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करून आलेला, त्यानं लिहिलं "खूप चांगला". सत्यवतीबाई रिकामे गिलास उचलाले आल्ती. एक गिलास नाकाजोळ नेला अन् म्हणे, "लिंबाचा वास नाई हा, लिंबाच्या सालीचा आहे. हिरव्या. अन् कच्चं सफरचंद. अन् उन्हात तापलेल्या दगडावर पाणी मारलं का येते ना, तसं काईतरी."

शेखरनं हातातला कागद खाली ठेवला. तिच्यासाठी नवा गिलास भरला. "घ्या. चव पाहा."

"मी घेत नाई. शील आहे."

"पोटात नाही घ्यायची. तोंडात फिरवायची अन् थुंकायची."

"मंग तुमीच थुका," ती म्हणे, अन् टोपलं उचलून मोरीत गेली.

शेखर माणूस वाईट नव्हता. त्यानं शेठले सांगतलं, या बाईले गिलास धुवाले ठेवणं गुन्हा आहे. पण चवीचं काय? नाक अर्धं काम करते, बाकीचं जिभेनं कराव लागते. तं मी म्हणलं, जीभ मी देतो. मले काई शील नाई, अन् माही जीभ वीस वर्षं भट्टीपुढं तयार झाली आहे.

शेठनं तिले मोरीतून काढून वरच्या हॉलात उभं केलं. तेव्हापासून रोज दुपारी, जेवणं उरकली का, आमी दोघं स्टीलच्या टेबलावर समोरासमोर बसायचो. बाटली उघडली का आधी ती वास घ्यायची. मंग मी घोट घ्यायचो अन् ती माही उलटतपासणी करायची.

"आंबट," मी म्हणायचो.

"कशाचं? चिंचेचं, का कवठाचं?"

"कच्च्या सफरचंदाचं. जिभेच्या बाजूले लागते. मंग थोडं खारं. अन् गिळल्यावर मागून कडू."

"कडू म्हणजे मेथीचं का कारल्याचं?"

"बदामाच्या सालीचं."

"भिजवलेल्या, का कोरड्या?"

अशी बाई. मी तं कधी विचारच केला नव्हता. पुन्हा घोट घ्यायचो अन् सांगायचो, कोरड्या. ती ते पिंकीच्या जुन्या वहीत लिहून ठेवायची.

मंग आमी कशासंगं काय जाते ते पाहू लागलो. शेखर म्हणे का तिकडं मसाला भरून तळलेले ऑलिव्ह खातात हिच्यासंगं. म्हणलं मंग माही सांभारवडी काहून नाई? कोथिंबिरीचं सारण, वरून कुरकुरीत पारी. जमली, अशी जमली का शेखरनं फोनवर फोटो मागवले. गिला वडा जमला, दह्याचं आंबट अन् हिचं आंबट एकमेकाले सांभाळून घेते, फक्त वरची चटणी कमी टाकाव लागते. धरणातला कतला मासा बेसन न लावता नुसता लोण्यात परतून वर लिंबू, हे तं एक नंबर. पाटोडीचा रस्सा नाई, त्याच्यापुढं वाईन पाणी होते. अंबाडी नाई, दोन्ही आंबट, दात आंबतात. ठेचा तं बिलकूल नाई. तरी आमचे गिऱ्हाईक ठेचाच मागत. थेट इटलीतून बाटली इथं आणायची अन् तिच्यावर ठेचा खाऊन "काई चवच नाई बावा" म्हणायचं, माह्या तळपायाची आग मस्तकात जायची. सत्यवतीबाई मात्र टेबलाजोळ जाऊन शांतपणे सांगायची, दादा, आधी हा वडा खा, मंग घोट घ्या, मंग माह्याशी भांडा. लोकं ऐकू लागले. डॉक्टर लोकं फोन करून विचारत, ते बाई आज आहेत का.

एक गोष्ट नीट सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलं. वरच्या हॉलसाठी मी काई पदार्थात वाईन टाकायचो. म्हणून ती माह्या हातचा कोणताही घास घ्यायच्या आधी विचारायची, "भाऊ, यात आहे का?" मी आहे म्हणलं का वाटी बाजूले. नाई म्हणलं का खायची. हुंगून पाहायची नाई. एवढ्या नाकाची बाई, पण माह्या वाटीले तिनं कधी नाक लावलं नाई. पंधरा महिने असं चाललं.

यंदा दिवाळी झाल्यावर अनुपशेठनं ठरवलं, वाईनचं टेबल सांभाळाले एक कायमचा माणूस नेमायचा. खरं तं जागा सत्यवतीबाईचीच होती, आंधळ्यालेही दिसलं असतं. पण साळ्याचा पोरगा मध्ये होता. तेव्हा शेठनं आव आणला, परीक्षा घेऊ, शेखरले बोलावू, जो पास होईन त्याची जागा. मी दोन दिवस भांडी आपटली. सत्यवतीबाई बोल्ली, "आपटू नका भाऊ. मले हे काम पाह्यजे. मोरीतून वर आलो ते कोणाच्या मेहरबानीनं नाई, अन् पुन्हा मोरीत जायचं नाई मले. घेऊ द्या परीक्षा."

माहं डोकं तिथं फिरलं. मले शेखर माहीत होता. तो एकसारख्या वासाच्या दोन पांढऱ्या ठेवणार, हिरवी अन् पिनो ग्रिज्यो. दोन्हीत लिंबू, दोन्हीत सफरचंद. फरक त्या मागच्या कडूचा, अन् कडू नाकाले कुठून समजाव? मी तिले शंभरदा बदामाची साल बदामाची साल सांगतलं होतं, पण सांगणं वेगळं अन् जिभेवर येणं वेगळं. मले वाटलं, एकदा, फक्त एकदा हिच्या जिभेले ते कडू लागलं, तं वासातही तिले ते सापडन.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी कतला केला. लोण्यात परतला, त्यात हिरवीची अर्धी बाटली ओतली, आटवली, दाट केली. मनाले समजावलं, उकळल्यावर दारू उडून जाते, मागं राह्यते ती चव. चवीले कुठं शील लागते? वाटी तिच्यापुढं सरकवली.

"भाऊ, यात आहे का?"

"नाई," मी म्हणलं.

तिनं खाल्लं. घास तोंडात फिरवला, थांबली. "मागून कडू येते. बदाम टाकले का?"

"हाव. सालीसकट."

"चांगलं लागते," ती म्हणे, अन् वाटी पुसून खाल्ली. मी भट्टीकडं तोंड करून उभा होतो. वाईट वाटत नव्हतं मले, खोटं काहून सांगू. मी स्वतःले लय हुशार समजून राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वरच्या हॉलात अनुपशेठ, त्याची बायको, शेखर, श्याम, बारवाला डोमाजी अन् मी. तीन गिलास, बाटल्या कापडात गुंडाळलेल्या. श्यामनं तिन्ही पिऊन तिन्ही चुकवले. मंग सत्यवतीबाई. पहिला गिलास नाकाले लावला अन् लगेच म्हणे, "मोस्कातो. संत्र्याच्या फुलाचा वास आहे, वरूडले बहार आला का अख्ख्या गावाले येते. ही गोड असन. जेवणात नाई, शेवटी द्यायची, गोडासंगं." शेखरनं मान हलवली. दुसरा घेतला, तिसरा घेतला, पुन्हा दुसरा घेतला. फ्रिजमधून तेव्हाच काढलेल्या, गिलासावर पाणी सुटलेलं. ती अडली.

"दोन्ही एकच बोलून राहिल्या," ती म्हणे. "थोडा वेळ द्या."

अनुपशेठ खुर्चीत सरकला. "वेळ काय, एक घोट घे ना. अजून तेच धरून बसली का तू? थुंकून टाक, कोण पाहते?"

"मी पाहतो," ती बोल्ली. "मी घेत नाई, शेठ."

"मंग वाईनच्या टेबलावर तुले ठेवून फायदा काय? उद्या गिऱ्हाईक म्हणन, तुमची बाई स्वतः चाखत नाई."

त्याचं ते तू-तू करणं, त्याच्या बायकोचं घड्याळ पाहणं, श्यामचं गालात हसणं, माह्या डोक्यात सगळं एकदमच चढलं. मले वाटलं आता जागा गेली. मी पुढं झालो अन् तोंड उघडलं.

"बाई, घेऊन टाका. काई होत नाई. काल तुमी खाल्ली ना कतल्यात. अर्धी बाटली होती. काई झालं का? काईच झालं नाई."

सत्यवतीबाईनं गिलास खाली ठेवले.

"काल?"

"हाव."

"मी विचारलं होतं."

"हाव."

"तुमी नाई म्हणले होते."

अनुपशेठ हसला, टेबलावर थाप मारली. "लो! घेतलीच आहे तं मंग राहिलं काय? घे आता."

"मी घेतली नाई, शेठ," ती म्हणे. आवाज चढला नाई तिचा. "मले चारली."

मंग तिनं ते दोन्ही गिलास उचलले. दांडीनं धरतात तसे नाई, गिलासाच्या पोटाशी, एक या तळहातात, एक त्या तळहातात, अन् डोळे मिटून उभी राहिली. शेखर काई बोलाले गेला, मी त्याले हात केला. मले समजलं ती काय करून राहिली ते. संत्रं धरून राहिली होती. दोन मिनिटं झाली, तीन झाली. गिलासावरचं पाणी तिच्या बोटांतून मनगटावर उतरलं. मंग तिनं डाव्याचा वास घेतला, उजव्याचा घेतला, अन् उजवा टेबलावर पुढं ठेवला.

"ही हिरवी. गरम झाल्यावर बदाम आला. हिच्यासंगं कतला द्या, लिंबू वरून, अन् सांभारवडी. ती दुसरी पिनो. तिच्यासंगं काईही द्या, ती कोणाशी भांडत नाई."

शेखरनं कापडं काढली. बरोबर होतं. तिन्ही बरोबर. त्यानं शेठले तोंडावर सांगतलं, हिले नाई ठेवलं तं मी पुन्हा तुमच्या हॉटेलात पाय ठेवणार नाही. जागा तिले मिळाली. अन् मी तिथंच उभा. तिले माह्या कतल्याची गरजच नव्हती. बदाम तिच्या हातातच होता, फक्त हात गरम व्हाले पाह्यजे होते. तीन मिनिटं. माह्याच्यानं तीन मिनिटं धीर धरवला नाई, अन् त्याच्या आदल्या दिवशी तिच्या नाकावर भरोसा धरवला नाई.

लोकं मले समजावतात. डोमाजी म्हणे, अरे उकळली का दारू राह्यतच नाई. राह्यते का नाई ते मले सांगू नका, माहं डोकं सरकते. किती दारू राह्यते हे तिनं विचारलंच नव्हतं. तिनं नाकाले नाई, मले विचारलं होतं.

मी तिच्या खोलीवर गेलो एकदा, माफी मागाले. ती विहारात होती. पिंकी दारात आली, पोरगी मायसारखीच सरळ बोलते. म्हणे, "काका, मागच्या रविवारी विहारात सगळे पंचशील म्हणून राहिले होते. आई चारपर्यंत म्हणाली. पाचव्याले थांबली. मी बाजूलेच होतो. घरी येऊन म्हणे, आज तोंडातून निघालं नाई, पुढच्या रविवारी म्हणीन." मी पायरीवरूनच परत फिरलो. रस्त्यात दोन रिक्षावाल्यांशी भांडलो, त्यायची काई चूक नसताना.

पुढच्या रविवारी तिनं म्हणलं, पाचही. पिंकीनंच सांगतलं मले. तिचं तिनं निभावून नेलं.

आता ती वरच्या हॉलात काळी साडी नेसून उभी राह्यते, छातीवर नावाची पाटी. अकोल्याचे सरकीवाले व्यापारी तिच्यासाठी गाडी करून येतात. माह्याशी भांडण नाई तिचं. बोलते, हसतेही. फक्त आता मले भाऊ म्हणत नाई, जानरावजी म्हणते. अन् घरून डबा आणते. ज्वारीची भाकर, वरण, कांदा. मोरीजवळच्या स्टुलावर बसून खाते, जिथं आधी गिलास धुवाची. माही वाटी मी टेबलावर ठेवतो, ती तिथंच थंड होते, ती विचारत नाई यात आहे का. विचारलं असतं तं मी खरंच सांगतलं असतं.

काल दुपारी नवी बाटली आली, गावी नावाची, तीही पांढरी, तीही इटलीची. आमी नेहमीसारखे स्टीलच्या टेबलावर बसलो. तिनं वास घेतला, पांढरं फूल म्हणे, अन् ओला दगड. मंग गिलास माह्याकडं सरकवला. मी घोट घेतला. जिभेवर नीट फिरवला, घाई केली नाई, आयुष्यात एवढ्या इमानदारीनं काई चाखलं नसन.

"आंबट," मी म्हणलं. "लिंबाचं. अन् मागून थोडं कडू, बदामाचं. पण हिरवीपेक्षा कमी."

तिनं वहीत लिहिलं, कडू, बदाम, कमी. मंग पेन तसंच हातात ठेवून तिनं बारकडं तोंड केलं.

"डोमाजी भाऊ," ती म्हणे, "जरा इकडं या. एक घोट घेऊन सांगा, मागून कडू लागते का."